छत्रीवाल्यांकडे रंग कमी पडतो

छत्रीवाल्यांच्या घराला रंग द्यायचा म्हटलं की शहरातले रंगारी काहीतरी कारण काढून सटकायचे. माणसं वाईट नव्हती, पैसेही वेळेवर मिळायचे, पण शेवटी चोरीचा आळ ठरलेला. म्हाताऱ्या छत्रीवाल्यांचा खाक्या असा, की भिंती, दारं, खिडक्या, घराच्या पुढच्या भागातल्या छत्र्यांच्या सगळ्या दुकानाला एकच तेलरंग, म्हणजे उरलंसुरलं वाया जायला नको. वाया जायचा प्रश्नच आला नाही. नीट मोजून आणलेला रंग दर खेपेला थोडासा कमीच पडायचा. म्हातारे रंगाऱ्याला तोंडावर चोर म्हणायचे आणि पुढच्या वेळी नवा रंगारी शोधायचे. नवाही चोरच निघायचा. म्हातारे गेले, घर मुलाच्या नि मुलीच्या, म्हणजे भाऊंच्या नि ताईंच्या, हातात आलं, पुढे तीही म्हातारी झाली, तरी रंग कमी पडायचा काही थांबला नाही. चहा कमी पडला तरी भाऊ म्हणायचे, "रंगारी येऊन गेला वाटतं."

हा विनोद भाऊंनी खरवडबाईला पहिल्याच दिवशी ऐकवला. ती हसली नाही. कामावर असताना ती हसत नसे, आणि कामावर ती बहुधा कायमच असे.

खरवडबाई म्हणजे नगरपालिकेच्या जुन्या इमारतींच्या कक्षातली तपासनीस. तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणायचे, पाठ फिरली की खरवडबाई. तिच्या पिशवीत एक पातळ पातं आणि एक भिंग असायचं. जुन्या घरात शिरली की दाराच्या कोपऱ्यात नखाएवढी जागा निवडायची आणि एकेक रंग पात्याने सोलत जायची, प्रत्येक थराची इवलीशी पायरी मागे ठेवत. वरच्या पायरीवर आजचा रंग, तळाच्या पायरीवर पणजोबांचा. घर कधी बरं चाललं होतं, कधी स्वस्तातला रंग आणावा लागला, हे तिला त्या पायऱ्यांवरून कळायचं. माणसं खोटं बोलतात, कागद खोटे करता येतात, थर खोटे करता येत नाहीत, असं ती म्हणायची. तिची सही असलेला दाखला कुणी पुन्हा तपासायच्या भानगडीत पडत नसे. तिला याचा अभिमान होता, जरा नको तितकाच.

त्या दाखल्याला किंमतही होती. जुन्या भागातली घरं एकामागून एक विकली जायला लागली, तेव्हा नगरपालिकेने सभेत ठराव करून एक योजना आणली. आपलं जुनं घर जो पूर्वीसारखं दुरुस्त करील त्याला घरपट्टीत मोठी सूट, आणि पालिकेचा दाखला जोडला की दुरुस्तीचा खर्च आयकरातूनही वजा. रंगसुद्धा पालिकाच मापून द्यायची. अट मात्र कडक होती. मालकाने पुराव्यानिशी एक वर्ष ठरवायचं, ते घराचं आधारवर्ष. त्या वर्षी जे होतं ते परत आलं पाहिजे, आणि त्यानंतर जे आलं ते निघून गेलं पाहिजे.

छत्रीवाल्यांना ही सवलत मिळाली नाही तर त्यांचं घर जाणार होतं. आजकाल छत्र्या कोण दुरुस्त करून घेतं? दुकान बंद पडलेलं, घरपट्टी नव्या आकारणीत अशी वाढलेली की भरायची म्हणजे घरच विकायचं. कोपऱ्यावरचा हॉटेलवाला टपूनच बसला होता. भाऊंनी लग्न केलं नव्हतं, ताई लग्न करून लवकरच माहेरी परतल्या होत्या. दोघांनी उभा जन्म याच घरात काढलेला. या वयात जाणार कुठे?

पुरावा म्हणून भाऊंनी एक फोटो दिला होता. दुकान ऐन भरातलं, छताला टांगलेल्या छत्र्या, गल्ल्यावर वडील, आणि त्यांच्या मागे आतल्या खोलीचं उघडं दार. त्या दारात एक बुटकी मुलगी कंबरेवर हात ठेवून उभी होती, दुकानाची मालकीण असल्याच्या थाटात.

"ही कोण?" खरवडबाईने विचारलं.

"आमची धाकटी. एवढीशी होती म्हणून टिचकी म्हणायचो," भाऊ म्हणाले. "त्याच वर्षी तापात गेली."

खरवडबाईने मान हलवली, जेवढी हलवायला हवी तेवढी. मग विचारलं, "आणि हे दार कुठे गेलं?"

चूक झाली ती इथे. तिची म्हणा, नाहीतर तिच्या धंद्याची म्हणा. दार होतं की नव्हतं एवढंच ती विचारायची. का बुजवलं हे विचारायची तिच्याकडे पद्धतच नव्हती. भाऊंनी गल्ल्यामागच्या सपाट भिंतीकडे बोट दाखवलं. वडिलांनी दाराची फळी काढून टाकली होती आणि चौकट तशीच ठेवून दोन्ही बाजूंनी विटांनी झाकून टाकली होती, वर गिलावा. मागच्या खोलीत जायला अंगणातून वाट होतीच.

"फोटोत दार आहे, म्हणजे दार उघडावं लागेल."

ताई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, तेवढं राहू द्या ना."

"ताई, मी काही ठरवत नाही. वर्ष ठरवतं."

हे वाक्य ती सगळ्यांनाच ऐकवायची. ते तिला फार आवडायचं.

गवंड्याने विटा काढायला सुरुवात केली आणि आधी वास आला. इतकी वर्षं बंद असलेल्या जागेतून ओल आणि बुरशी यांचा वास यायला हवा होता. आला तो तेलरंगाचा. गवंडी म्हणाला, "कुणी रंगवलंय का हे?" आणि मग स्वतःच हसला. "विटांच्या आत कोण रंगवायला बसलंय म्हणा!"

चौकट पूर्ण मोकळी झाली. बदामी रंगाची, तुळतुळीत. दुकानही बदामीच होतं, भाऊंनी शेवटचा रंग दिला होता तो हाच. खरवडबाई गुडघे टेकून बसली आणि तिने पातं काढलं.

बदामीखाली निळा निघाला. निळ्याखाली फिका पिवळा. मग हिरवा, पांढरा, राखाडी, आणि सगळ्यात तळाला फोटोतल्या वर्षाचा गडद तपकिरी.

ती उठून दुकानाच्या पुढच्या दारापाशी गेली. तिथे तिने पूर्वीच पायऱ्या काढून ठेवल्या होत्या. बदामी, निळा, पिवळा, हिरवा, पांढरा, राखाडी, तपकिरी. तेच रंग, त्याच क्रमाने. पुढच्या दाराला दर वेळी रंग लागला यात नवल काहीच नव्हतं. पण ही चौकट तपकिरी असतानाच विटांत गेली होती. पुढचा एकही रंग तिच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं.

पाठीमागून ताईंचा आवाज आला, अगदी हळू. "म्हणून कमी पडायचा होय."

गवंडी घमेलं तिथेच टाकून चहाला म्हणून गेला, तो त्या दिवशी परत फिरकला नाही.

खरवडबाई भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. तिने रंगाची एक खपली पाकिटात घातली आणि कक्षातल्या मोठ्या भिंगाखाली ठेवली. दोन रंगांच्या मध्ये दर ठिकाणी धुळीची बारीक रेघ होती. म्हणजे चौकट उघड्या हवेत होती, तिच्याजवळून कुणीतरी वर्षानुवर्षं ये-जा करत होतं. पुन्हा जाऊन तिने हात टेकतो त्या उंचीवर थोडं सोलून बघितलं, तर हिरवा थर घासून गुळगुळीत झाला होता, रोज कुणी तिथे टेकून उभं राहावं तसा. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तरी वाटेत कुणीतरी उभं आहे आणि आपण जरा सरकून जागा द्यायला हवी, असं तिला सारखं वाटत राहिलं. एकदा तर ती खरोखरच सरकली. त्या दिवशी घरी परतल्यावर तिचा हात स्वतःच्या दाराच्या चौकटीला लागला आणि तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. ती घाबरली होती. आयुष्यभर ती थरांवर विसंबली होती. आता थरच हे सांगायला लागले, तर तक्रार न्यायची कुणाकडे?

कक्षाच्या साहेबांना तिने एवढंच सांगितलं की चौकटीवर नंतरचे थर आहेत.

"मग सोला की," साहेब म्हणाले. "मूळ लाकूड आधारवर्षाच्या रंगापर्यंत सोलायचं. मॅडम, तुम्हीच लिहिलाय ना हा नियम?"

नियम तिनेच लिहिला होता, आणि चांगला ठासून लिहिला होता.

"सभेपुढे यादी लवकरच जातेय," साहेब म्हणाले. "यात ते घर नसलं तर मग पुढच्याच वर्षी. मला स्वतःला ते घर यादीत हवंय. ही एवढी एक गल्ली वाचली तरी योजनेचं सार्थक झालं म्हणेन मी."

वर्षभर काही हॉटेलवाला थांबणार नव्हता. खरवडबाई पातं घेऊन स्वतःच सोलायला गेली. हे काम दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तिचं मन घेईना.

चौकटीच्या एका बाजूला, खालून वर, तिने बोटभर रुंदीची पट्टी सोलत नेली. कंबरेच्या जरा खाली तपकिरी रंगात ओरखडे दिसले. आडव्या, आखीव रेघा, एकीवर एक.

"त्या माझ्या," ताई म्हणाल्या. त्या केव्हा जवळ येऊन उभ्या राहिल्या ते खरवडबाईला कळलंही नव्हतं. "वाढदिवसाला मोजायचे मी टिचकीला. पाठ टेकवून उभी करायची, डोक्यावर पट्टी धरायची आणि छत्रीच्या काडीने रेघ ओढायची. लबाड कुठली, हळूच टाचा उचलायची. म्हणायची, ताई, मी तुझ्याहून उंच होणार. पैज लावली होती माझ्याशी."

खरवडबाई आणखी वर सरकली. आता ती एकेक थर जपून काढत होती, प्रत्येकाची पायरी मागे ठेवत. तपकिरीतल्या शेवटच्या रेघेच्या बऱ्याच वर, राखाडी थरात, एक रेघ होती. त्याहून वर पांढऱ्या थरात दुसरी. हिरव्यात तिच्याही वर. पिवळ्यातली रेघ हिरव्यातल्या रेघेशेजारीच होती, म्हणजे वाढ तिथे थांबली होती, मोठ्या बाईची थांबते तशी. निळ्यातली जराशी खाली उतरली होती, आणि बदामीतली आणखी थोडी.

भाऊंनी गल्ल्याचा कोपरा घट्ट धरला. "या कुणी काढल्या?"

"तू काढल्यास का? मी काढल्या?" ताई म्हणाल्या. मग त्यांनी डोळे बारीक केले. "पण माझ्या रेघा सरळ आहेत. या सगळ्या तिरक्या का?"

खरवडबाईला कारण ठाऊक होतं. लहानपणी घरात मोठं माणूस नसलं की तीही असंच करायची. "स्वतःची उंची स्वतःच मोजली की रेघ अशी जाते, ताई. डोक्यावरून मागे हात न्यायचा आणि अंदाजाने ओढायची. तिरकीच येते."

बोलली आणि जीभ चावली. ताई मटकन खाली बसल्या.

"म्हणजे मोजायला कुणी नव्हतं तिला," त्या म्हणाल्या. "अरे भाऊ, आपण इथेच होतो की रे! भिंतीच्या अलीकडे. जेवत होतो, भांडत होतो, रंग कमी पडला म्हणून दात काढत होतो." आणि त्या लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडायला लागल्या. भाऊंना काय करावं ते सुचेना, त्यांनी आतून पाणी आणलं आणि पेला हातातच धरून उभे राहिले.

बऱ्याच वेळाने ताई उठल्या, चौकटीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि टाचा टेकवल्या. "बघ गं," त्या खरवडबाईला म्हणाल्या. ताईंचं अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघींनाही कळलं नाही. "ती शेवटची, बदामी रंगातली, कुठे येते?"

बदामी रेघ ताजी होती, ताईंच्या म्हातारपणातली. एकीची पाठ इथे वाकली, दुसरीची तिथे वाकली, आणि तरी ती रेघ ताईंच्या डोक्याच्या दोन बोटं वर होती.

"वर आहे, ताई. तुमच्याहून वर."

"जिंकली मेली!" ताई मोठ्याने हसल्या. मग त्यांनी झटकन तोंडावर हात धरला.

भाऊ घसा खाकरून म्हणाले, "ताई, हे थर काढले नाहीत तर दाखला नाही. दाखला नाही तर घर नाही."

"तिला सोलून काढायचं आणि आपण ऐसपैस राहायचं? तसलं घर काय चाटायचंय? हॉटेलवाल्याला देऊन टाक."

"आणि तो काय चौकट ठेवणार आहे होय?"

खरवडबाईने पातं मिटून पिशवीत टाकलं. तिला खोटा दाखला देता येत नव्हता, आणि खरा द्यायचा म्हणजे एका मुलीचं सगळं आयुष्य भुग्यासारखं झाडून कचऱ्यात टाकायचं होतं. आपण लिहिलेल्या नियमाचा तिला पहिल्यांदाच राग आला. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून, आणि जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं म्हणून, तिने विचारलं, "भाऊ, वडिलांनी दार का बुजवलं?"

"टिचकी तिथेच उभी असायची ना सदानकदा. ती गेल्यावर ते रिकामं दार त्यांना बघवेना. गवंडी बोलावला आणि थंडी सुरू व्हायच्या आत बंदच करून टाकलं."

"कधीच्या थंडीत?"

"त्याच. ती गेली त्याच वर्षी."

खरवडबाई ताडकन उठली. कोपऱ्यात पाडलेल्या गिलाव्याचा ढीग अजून पडून होता. त्यातला एक तुकडा उचलून तिने कड खरवडली. बदामी, निळा, पिवळा, हिरवा, पांढरा, राखाडी, आणि तळाला, थेट गिलाव्यावर, गडद तपकिरी. भिंतसुद्धा आधारवर्षाचीच होती. फोटो त्या वर्षाच्या सुरुवातीचा, भिंत त्याच वर्षाच्या अखेरची. तिने नियमात वर्ष लिहिलं होतं. एका वर्षात घर दोनदा वेगळं असू शकतं, मूल असताना एक आणि मूल गेल्यावर एक, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"भिंत मूळची आहे," ती म्हणाली. "ती मी पाडायलाच नको होती. त्याच विटा घेऊन पुन्हा बांधली तर दाखला खरा होतो. अगदी खरा. चौकट भिंतीच्या आतच राहील, तिला हात लावायची गरजच नाही."

भाऊंनी सुटकेचा श्वास सोडला. ताईंनी मात्र तिच्याकडे असं बघितलं की तिला मान खाली घालावी लागली.

"म्हणजे पुन्हा कोंडायचं तिला."

"ती तिथे वाढली, ताई," खरवडबाई म्हणाली. "आपण उघडल्यावर वाढेल की नाही, मला माहीत नाही. मला खरंच काही माहीत नाही."

ताई चौकटीकडे बघत राहिल्या. "आणि बंद केल्यावर तरी राहील कशावरून? आपण एवढी तोडफोड केली. रागावून गेली असली तर? या खेपेला रंग पुरला तर, बाई?"



भिंत पुन्हा बांधायला गवंडी आला त्या दिवशी ताईंनी त्याला जरा बाहेर थांबायला सांगितलं. त्यांच्या हातात जुन्या छत्रीची एक काडी होती. खरवडबाईच्या नियमाप्रमाणे नोंद झालेल्या लाकडावर साधा ओरखडा काढणंसुद्धा गुन्हा होता. तिने पिशवीतून आपली मोजपट्टी काढली आणि ताईंच्या हातात दिली.

ताई चौकटीसमोर उभ्या राहिल्या. "ये. पाठ टेकव. टाचा खाली, लबाडी चालायची नाही."

त्यांनी पट्टी चौकटीला लावून वरून हळूहळू खाली आणली. ताईंचे हात एरवी इतके थरथरायचे की पेला दोन्ही हातांनी धरावा लागे. पट्टी खाली येता येता एका जागी थांबली, आणि हात थरथरायचा थांबला, खाली काहीतरी आधार मिळाल्यासारखा. खरवडबाईने नजर काढली नाही. ताईंनी काडीने बदामी रंगात रेघ ओढली. ती सरळ आली.

मग भिंत पुन्हा उभी राहिली, गिलावा झाला, वाळला. पालिकेकडून गडद तपकिरी रंग आला. तो खरवडबाईने स्वतः मोजला होता, एकेक भिंत, एकेक फळी धरून, आणि वर थोडा जास्तच धरला होता. रंगारी नवा होता, त्याला या घराची ख्याती ठाऊक नव्हती. ताई खुर्ची टाकून दिवसभर त्याच्या मागे बसून राहिल्या. त्याला वाटलं, म्हातारी पहारा करतेय. त्या डब्याकडे बघत होत्या. डबा अर्ध्यावर आला तेव्हा त्यांनी जेवायला नको म्हणून सांगितलं.

ऊन कलता कलता रंगारी खरवडबाईपुढे येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला. "मॅडम, शपथ घेऊन सांगतो, थेंब सांडला नाही. पण खिडकीची एक बाजू राहिलीय. रंग कमी पडला."

भाऊ विनोद करायच्या फंदात पडले नाहीत. ताईंनी खुर्चीतल्या खुर्चीत डोळे मिटले आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. "कितीसा रे?" त्यांनी विचारलं.

"जास्त नाही हो आजी. एखाद्या दाराच्या चौकटीला लागेल इतकाच."

जादा डबा मागवायचा तर पालिकेला कारण द्यावं लागे. सांडला, वाळला, भिंतीने जास्त प्यायला, अशी नेहमीची कारणं होती आणि ती कुणी तपासत नसे. खरवडबाईने आजवर कधी खोटं लिहिलं नव्हतं. तिने कारणापुढे लिहिलं, "आतली चौकट धरायची राहिली होती," आणि खाली सही केली.